चौदावा दिवस प्रत्येकीचा नसतो

प्रश्न : वय २९. पाळी ३२-३३ दिवसांनी येते. आठ महिने झाले, तेराव्या ते पंधराव्या दिवशी आवर्जून संबंध ठेवतो, त्याआधी आठवडाभर मुद्दाम टाळतो. तरी दिवस राहत नाहीत. औषधांशिवाय काय करता येईल?

उत्तर : चौदावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. बीज बाहेर पडल्यावर पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते, म्हणून मोजायचं ते मागून. तुमचं बीज बहुधा १८-१९व्या दिवशी बाहेर पडतं. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र गर्भाशयात आणि नलिकेत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. सर्वांत जास्त शक्यता बीज सुटण्याच्या आदल्या दोन दिवसांत असते आणि नेमके तेव्हाच तुम्ही थांबलेले असता.

बाराव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत दिवसाआड संबंध ठेवा. रोज ठेवले तरी बिघडत नाही. आठवडाभर 'साठवून' मात्र फायदा होत नाही, कारण जुन्या शुक्राणूंची हालचाल मंदावते.

खूण हवी असेल तर स्राव पाहा. चिकट, पांढरट स्राव पारदर्शक आणि निसरडा झाला, दोन बोटांत धरल्यावर तार निघू लागली, की दिवस जवळ आले. ओव्ह्युलेशन किट (बीज सुटण्याची वेळ लघवीवरून सांगणारी पट्टी) वापरणार असाल तर पंधराव्या दिवसापासून रोज एकाच वेळी तपासा आणि आधीचे दोन तास फार पाणी पिऊ नका, लघवी पातळ झाली की रेघ फिकी येते. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद झाली, की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटण्याची शक्यता असते. पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर किट उगाचच 'हो' म्हणू शकतं. अंगाचं सकाळचं तापमान बीज सुटल्यानंतर चढतं, त्यामुळे त्या महिन्यापुरतं ते उशिराच कळतं.

वंगणाची बरीच जेल आणि लाळही शुक्राणूंची गती कमी करतात. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आत्तापासूनच सुरू करा. त्याने गर्भ राहत नाही, पण बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळण्यासाठी ते गर्भधारणेच्या आधीपासून शरीरात असावं लागतं. पाय वर करून झोपण्याची गरज नाही.

वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करून घ्या. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि पाळी अनियमित असेल तर वाट न पाहता.

प्रश्न : माझा शुक्राणूंचा रिपोर्ट कमी आला. जिमला जातो, सिगारेट ओढतो. महिनाभरात सुधारेल का?

उत्तर : महिन्याभरात नाही. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, म्हणून आजच्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी मोजा. सिगारेट बंद करा. गरम पाण्याचे टब आणि मांडीवरचा लॅपटॉप टाळा. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड घेत असाल तर आधी ते डॉक्टरांना सांगा : बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि संख्या शून्यावरही जाऊ शकते. पुरुषांना हे कोणी सांगत नाही.

एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला असेल तरी आकडा पडतो. पुन्हा तपासताना नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस वीर्यपात टाळा. सगळा नमुना डबीत यायला हवा, त्यातही पहिला थेंब सांडू नये, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून नेणार असाल तर डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचवा.