मेरिट स्कॉलरशिपचा फोन आणि पप्पांचं सीओईपी

«प्रिय मावशी, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारावी सायन्सला आहे. दहावीला 94 टक्के पडले, तेव्हापासून पप्पा भेटेल त्याला सांगतात की आमची पोरगी पुण्यात सीओईपीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणार. पण इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीच्या सराव परीक्षांत माझे 92-93 पर्सेंटाइलच येतात. हे घरी सांगितलेलं नाही. पप्पा साखर कारखान्यात कारकून आहेत, उत्पन्न साडेपाच लाखांच्या आत, आमचं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गटाचं प्रमाणपत्र) निघतं. भाऊ नववीत आहे. मागच्या आठवड्यात एका खासगी विद्यापीठातून फोन आला. दहावीच्या मार्कांवर मला 25 टक्के मेरिट स्कॉलरशिप बसते, पण पंधरा दिवसांत 25 हजार भरून सीट बुक करावी लागेल. पप्पा भरायला निघालेत. पुढच्या पैशांसाठी रस्त्याकडेची दोन गुंठे विकू म्हणतात. मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. आवाक्यातलं कॉलेज धरणं म्हणजे हार मानणं आहे का? आणि पप्पांना सांगू कसं? — स.»

प्रिय स.,

पहिल्यांदा ते 25 हजार थांबव. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आजच. पप्पांना एवढंच म्हण, «मावशीनं चार प्रश्न विचारायला सांगितलेत, त्यांची उत्तरं लेखी आली की ठरवू.» फोन करणाऱ्यांना विचारायचं: ही सवलत पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षं? पुढच्या वर्षी टिकवायला किती सीजीपीए (सरासरी गुणांक) लागतो? दरवर्षी फी किती वाढते? आणि प्रवेश रद्द केला तर बुकिंगचे पैसे परत मिळतात का? फोनवरचं उत्तर धरू नकोस, ईमेलवर मागव. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या पंधरा दिवसांच्या मुदतीला काही अर्थ नसतो.

आता त्या स्कॉलरशिपकडे नीट बघू. समज, तिथली फी वर्षाला 3 लाख 60 हजार आहे. 25 टक्के वजा केले की राहिले 2 लाख 70 हजार. चार वर्षांचे 10 लाख 80 हजार, तेही फी एक रुपयानं वाढली नाही तर. राहणं-जेवण वेगळं. आता दुसरीकडे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळणारं एखादं खासगी कॉलेज घे. समज, त्याची फी 1 लाख 40 हजार आहे. ही फी कॉलेजला मनानं लावता येत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवून देतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तू त्यात बसतेस. विकास शुल्क वगैरे भरावं लागेल, ते वर्षाला वीस हजार धर. चार वर्षांचे झाले 80 हजार.

एका कागदावर ही दोन्ही गणितं शेजारी शेजारी मांड. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तू खरे शोधून घाल. पण फरक लाखांतच येईल, आणि ती दोन गुंठे त्या फरकातच वाचतील.

यातली सगळ्यात महत्त्वाची अट तुला कुणी फोन करून सांगणार नाही, म्हणून मी सांगते. ही माफी कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलीस तरी नाही. म्हणजे 25 टक्क्यांची सवलत घ्यायला जाशील आणि हक्काची शंभर टक्क्यांची घालवून बसशील. तू हुशार आहेस म्हणून ती मेरिट स्कॉलरशिप देतात यात खोटं काही नसेलही. पण नाव कितीही मोठं असू दे, वजाबाकी करून घरातून किती जाणार, एवढंच बघायचं.

आता पर्सेंटाइलकडे येते. तुझ्या पत्रात खरं ओझं तेच दिसतं.

क्लासच्या सराव परीक्षेतला पर्सेंटाइल हा त्या परीक्षेला बसलेल्या मुलांमधला असतो. राज्यातला तोच येईल असं नाही, थोडा वर किंवा खाली जाईल. पण 93 धरून चालू. 2025 मध्ये पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाची सीईटी चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. त्यात 93 म्हणजे तुझ्यापुढे अठ्ठावीस-तीस हजार मुलं, आणि तुझ्यामागे पावणेचार लाखांहून जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत. सीओईपीच्या कॉम्प्युटरला 99 च्या पुढचे दशांश मोजावे लागतात. तिथं 93 वर जागा मिळणार नाही. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तू ते आधीच ओळखलं आहेस आणि एकटीच मनात घेऊन फिरते आहेस.

पण 93 वर काय काय मिळतं, हे तू अजून पाहिलेलं नाहीस. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ कॉलेजवार आणि शाखावार असतात. यादी उघडली की आधी घाबरायला होतं, कारण GOPENH, LOPENO असली अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर G असेल तर सर्वसाधारण जागा, L असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं H म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातून बारावी झालेल्यांची जागा, O म्हणजे बाहेरच्यांची, S म्हणजे राज्य पातळीवरची. तुझी बारावी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत होते आहे. म्हणून सोलापूरच्या कॉलेजांसाठी LOPENH बघ आणि पुण्याच्या खासगी कॉलेजांसाठी LOPENO. ईडब्ल्यूएसचा रकाना वेगळा असतो, तोही बघ. पुष्कळ मुली पुण्याच्या कॉलेजचा H चा कटऑफ बघून हुरळतात किंवा उगाच खचतात.

मागच्या दोन वर्षांचे आकडे वहीत उतरव आणि कॉलेजांचे तीन गठ्ठे कर. 93 वर मिळणं अवघड अशी काही, मिळू शकतील अशी बरीच, आणि 90 पर्यंत घसरलीस तरी नक्की मिळतील अशी काही. या तिसऱ्या गठ्ठ्यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. मुलं वरच्या पाच नावांवर महिना घालवतात आणि खालची नावं शेवटच्या रात्री कुणाला तरी विचारून भरतात. मग प्रवेश नेमका तिथंच होतो आणि चार वर्षं कुरकुर चालू राहते. तिसऱ्या गठ्ठ्यात असंच कॉलेज ठेव, जिथं तू स्वतः जाऊन आली आहेस आणि जिथं जायला मन तयार आहे. त्या शाखेला एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का बघ (ती शाखेला मिळते, अख्ख्या कॉलेजला नाही). तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोल. शिक्षक तासाला येतात का, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का, मागच्या वर्षी वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, हे विचार. दारावरच्या फ्लेक्सवरचं पॅकेज एका मुलाचं असतं.

या यादीत शासकीय कॉलेजं मुद्दाम घाल. कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती ही नावं तुला माहीत असतील. पण जळगाव, चंद्रपूर, यवतमाळलाही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि आपल्याकडच्या घरांत त्यांचा विषयही निघत नाही. लांब पडतात हे खरं. तरी तिथली फी आणि कटऑफ बघून मग नाही म्हण. शाखेचंही तेच. कॉम्प्युटर तुला खरंच आवडतं की पप्पांच्या वाक्यात होतं म्हणून तूही म्हणतेस, हे तुझं तू तपास. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून विचारते.

आता हार मानण्याबद्दल. कॅपचा पसंतीक्रम भरताना सीओईपी पहिल्या नंबरवर टाक. मनापासून सांगते आहे. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमानं होतं आणि तुझा नंबर आला की यंत्रणा तुझी यादी वरून खाली तपासत येते. वर अवघड नाव असलं म्हणून खालचं हातचं जात नाही. त्यामुळे यादी कटऑफच्या क्रमानं लावू नकोस, आवडीच्या क्रमानं लाव. एक सांभाळ: पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही. म्हणून पहिल्या ओळीत शोभेचं नाव नको, जिथं खरंच जायचं आहे तेच हवं. आवाक्याचा विचार करणं म्हणजे वरची नावं खोडणं अजिबात नाही. खालची नावं तेवढ्याच मनानं निवडणं, एवढंच तुला करायचं आहे.

आता पैशांच्या बाकीच्या वाटा. मुलींची माफी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तींच्या संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या अर्जातून मिळते आणि अर्ज दरवर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरलीस तर त्या वर्षाची फी अंगावर येते. माफ असलेली रक्कम कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत. कुणी मागितलीच तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेव. क्लासमध्ये टीएफडब्ल्यूएसचं नाव ऐकशील. त्या शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या जागा असतात, पण त्यांचा कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा वर जातो. तुला माफी तशीही आहे, त्यामुळे त्यासाठी जीव टाकू नकोस. तुझ्या भावाला मात्र पुढे ती वाट उपयोगी पडेल, कारण मुलांना शाहू महाराज योजनेत निम्मीच फी मिळते.

एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला 50 हजार देते, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. फक्त ती घेताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. खासगी कॉलेजात माफीची रक्कम मोठी असते, तिथं माफीच घे. शासकीय कॉलेजात शिक्षण शुल्क 50 हजारांहून बरंच कमी असेल तर प्रगती जास्त फायद्याची ठरेल. दोन्हीकडे अर्ज ठोकून पुढचं पुढे बघू, असं करू नकोस.

तुझ्या घराला खरा खर्च पडणार आहे तो राहण्या-जेवणाचा. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा तिथं विशेष विचार होतो, तुमच्या सातबाऱ्यावर किती जमीन आहे ते बघा. पुण्यात जागा मिळाली तर विद्यार्थी साहाय्यक समितीत अर्ज कर. 1955 पासून ही संस्था खेड्यापाड्यातल्या मुला-मुलींना कमी खर्चात ठेवून घेते आणि कमवा-शिकाची सवय लावते. मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमाला मिळून दोन लाखांपर्यंत असते. या दोन्ही ठिकाणी निवड होते, हक्क नसतो. म्हणून त्या पैशांवर घरचं गणित बसवू नका, मिळाले तर वरचे. एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंत बँकेला सहसा तारण लागत नाही. गुंठा विकायची वेळ येण्याआधी हे सगळं येतं.

आणि कागद. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते आणि एका कागदावाचून मुली खुल्या गटात ढकलल्या जातात. अधिवासाचं आत्ताच काढ. उत्पन्न आणि ईडब्ल्यूएसचं नवीन आर्थिक वर्ष लागलं की एप्रिलमध्ये. तिन्हींवर तुझं नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच आलंय का, अक्षर न् अक्षर जुळव.

राहिले पप्पा. त्यांनी चारचौघांत सांगितलं ते तुला कोंडीत धरायला नाही, अभिमानानं सांगितलं. तुझी भीती मला कळते. पण आज तू गप्प राहिलीस तर ते माहितीच नसताना 25 हजार भरतील आणि नंतर जमीन विकतील. त्यांना हे कळायचा हक्क आहे. आईला आधी सांग, ती शेजारी बसली की बोलणं सोपं जाईल. रविवारी जेवण झाल्यावर वही घेऊन बस आणि असं म्हण:

«पप्पा, माझे सराव परीक्षेत 93 येतात. सीओईपी कॉम्प्युटरला 99 च्या वर लागतात. परीक्षा होईपर्यंत मी वाढवायचा प्रयत्न करणारच आहे, आणि सीओईपी यादीत पहिलं टाकणार आहे. नाही मिळालं तर ही दहा कॉलेजं मी बघून ठेवलीत. कॅपमधून गेले तर माझी फी माफ होते. त्या विद्यापीठात गेले तर होत नाही. जमीन विकू नका. यातल्या दोन कॉलेजांत तुम्ही माझ्याबरोबर बघायला याल का?»

ते चिडतील किंवा गप्प बसतील. त्या क्षणी «वाढवते, नक्की वाढवते» असं कबूल करून सुटू नकोस, वही त्यांच्यापुढे सरकव. वर्षभर हिशेब लिहिणारा माणूस आहे तो, दोन्ही बेरजा स्वतः करून बघेल. आणि दुसऱ्या दिवशी त्या विद्यापीठाला फोन तू नाही, पप्पांनी करायचा. ते चार प्रश्न त्यांनाच विचारू दे.

तुझी,
मावशी