वाचकांचे प्रश्न : रत्नागिरीजवळची निवांत पुळण

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. दर्शनाची रांग, गाड्यांची दाटी, घोडे, उंट आणि पाण्यात धावणाऱ्या स्कूटर यांच्या गलबल्यात समुद्र असा आमच्या वाट्याला आलाच नाही. या हिवाळ्यात दोन मुक्कामांसाठी रत्नागिरीला जाण्याचा विचार आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलगा १४ वर्षांचा आहे आणि कृष्णेत उत्तम पोहतो. शहरापासून फार लांब नसलेला शांत किनारा कोणता आणि तेथे मुलाला पोहू द्यावे काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्याला नावे हवी आहेत आणि ती मी देणारच आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकच किनारा सकाळी सात वाजता निर्मनुष्य आणि संध्याकाळी सहा वाजता जत्रेसारखा असू शकतो. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडला की लागणारा भाट्ये किनारा हे याचे उत्तम उदाहरण आहे. सुरूच्या बनाला लागून असलेली ही सरळ, सपाट पुळण संध्याकाळी शहरवासीयांनी फुललेली असते, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मात्र मंगळवारी किंवा बुधवारी उजाडताना तेथे गेलात, तर आपल्या पावलांखेरीज फारशी पावले वाळूवर दिसणार नाहीत. सासूबाईंना चढउतार करावा लागणार नाही, हा आणखी एक लाभ. तेव्हा सुट्टीचे वार टाळता आले, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

आता पुढचा रस्ता. भाट्याहून दक्षिणेला पावसकडे जाणारा रस्ता धरावा. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन थोडे पुढे गेल्यावर गणेशगुळ्याचा फाटा लागतो. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ अशी आख्यायिका या भागात सांगतात. गर्दीही पुळ्यालाच जाते, त्यामुळे गुळ्याची पुळण अजून गावाची राहिली आहे. येथे हॉटेलांची रांग नाही. जेवण हवे असेल तर गावातल्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. त्याच रस्त्याने आणखी पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगडाचा किल्ला आहे आणि खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी. माझ्या मते आपल्या कुटुंबासाठी गावखडीच सर्वांत योग्य. सुरूचे बन दाट आहे, दुपारीही त्याखाली सावली असते, आणि सासूबाई खुर्ची टाकून तेथे बसल्या तर समुद्र त्यांच्या समोरच राहील. त्यापुढे राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, जुने देऊळ आहे आणि जवळच देवघळीचा किनारा. तो मात्र वरच्या कातळावरूनच पाहावा, कारण उतार गुडघ्यांना मानवणारा नाही.

उत्तरेकडच्या आरे-वाऱ्याचे नाव आपल्याला अनेकजण सुचवतील. घाटीच्या वळणावरून दिसणारे ते दोन किनारे मनात ठसतात, हे खरे. पण ते आता शांत राहिलेले नाहीत, आणि तेथे बुडून मृत्यू झाल्याच्या घटनाही घडल्या आहेत. पुळ्याला पुन्हा जाणे झालेच, तर मुक्काम शेजारच्या मालगुंडला करावा. कवी केशवसुतांच्या या जन्मगावी त्यांचे स्मारक आहे आणि किनाऱ्यावर वर्दळ कमी असते.

किनाऱ्याइतकीच तिथीही पाहायला हवी. घाटावरचे आपण लोक हे विसरतो. मी स्वतः एकदा पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी मुलाबाळांसह एका लहान पुळणीवर पोहोचलो, तर पुळण जागेवर नव्हती. पाणी थेट झाडांच्या मुळांपर्यंत आले होते. मुले हिरमुसून दगडांवर बसून राहिली. शेजारी जाळे विणत बसलेल्या आजोबांनी तिथीला पाऊणने गुणायला शिकवले, आणि तो हिशेब मला आजतागायत उपयोगी पडतो आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातली तिथी घ्यावी व तिला पाऊणने गुणावे. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती आणि त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावस्येला भरती बाराच्या आसपास येते आणि ती उधाणाची असल्याने पाणी फार वर चढते. उलट त्याच दिवशी पहाटे आणि सूर्यास्ताला पुळण सर्वांत रुंद असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार बेताची राहते. अर्धा-पाऊण तासाचा फरक धरून चालावे. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. निघण्याची तारीख तिच्याकडे पाहून ठरवावी. तृतीया ते षष्ठीपर्यंतच्या सकाळी आपल्या मुक्कामाला फार सोयीच्या आहेत.

मुलाच्या पोहण्याविषयी मला काळजीने लिहावेसे वाटते. आयर्विन पुलाच्या परिसरात, घाटांवर पोहायला शिकलेली सांगलीची मुले पाण्याला घाबरत नाहीत, आणि समुद्रावर नेमका हाच निर्धास्तपणा घात करतो. नदीचे पाणी एका दिशेने वाहते आणि दोन्हीकडे काठ असतो. समुद्रात किनाऱ्यावर येऊन फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यात एकवटते आणि वेगाने आत ओढ घेते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो शेजारच्या फेसाळ पाण्यापेक्षा शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. ओढीत सापडलेला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. पुराच्या पाण्यात धार छातीवर न घेता तिरके जावे, हे कृष्णेकाठी जाणत्यांकडून ऐकायला मिळते. येथे त्याच शहाणपणाने किनाऱ्याला समांतर पोहत आधी पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर काठाकडे यावे. तरंगत राहून हात वर करणे हेही दमण्यापेक्षा चांगले.

परंतु हे ज्ञान असले तरी मी त्याला निर्जन किनाऱ्यावर पोहू देऊ नये असेच म्हणेन. निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, हाकेला धावणारे माणूस नसते आणि मोबाईलला रेंज असेलच असेही नाही. गुडघाभर पाण्यात खेळावे, तेही गावकऱ्याने दाखवलेल्या जागी. भाट्याला काजळी नदीच्या आणि पूर्णगड-गावखडीला मुचकुंदीच्या मुखाजवळ तर ओहोटीच्या वेळी पाण्यात पाऊलही टाकू नये, कारण खाडीचे सारे पाणी तेव्हा समुद्राकडे धाव घेत असते.

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून निघणार. रत्नागिरीऐवजी जवळचा पर्याय आहे काय? आणि पावसाळ्यात गेल्यास गर्दी टळेल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला गुहागर सोयीचे. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असा रस्ता आहे. गुहागरचा किनारा कित्येक किलोमीटर सलग पसरलेला असून गर्दी मात्र गावाच्या मध्यभागी, चौपाटीपाशीच घुटमळते; दक्षिणेला असगोलीच्या दिशेने अर्धा तास चालत गेले की माणसे विरळ होतात. वेळणेश्वरला सुट्टीच्या दिवशी वर्दळ असते. हेदवीला त्या मानाने निवांतपणा मिळतो. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राचे पाणी आत शिरून उसळते ती खडकातली अरुंद घळ, भरतीच्या वेळी पाहण्याजोगी असते, पण ओल्या खडकावर कडेपर्यंत जाऊ नये.

पावसाळ्यात गर्दी टळेल, हे खरे. तरीही मी तसा सल्ला देणार नाही. समुद्र खवळलेला असतो आणि राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. एरवी संकटात पहिली मदत मिळते ती मच्छीमारांच्या होड्यांचीच, आणि त्या वेळी त्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. घाटात दरडींची भीती असते ती वेगळीच.

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही आठ मित्र दोन जीप घेऊन गावखडीला जाणार आहोत. वाळूवर गाडी नेऊन तेथेच रात्री तंबू ठोकता येईल काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कृपया तसे करू नये. गावखडी, राजापूरकडचे वेत्ये, मालगुंड या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालण्यासाठी वर येतात. मादी वाळूत खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून उजेडाच्या रोखाने पाण्याकडे जातात. गाडीच्या चाकांनी वाळू दबली की घरटे चिरडते, आणि तंबूतल्या किंवा शेकोटीच्या उजेडाने पिल्ले उलट दिशेला भरकटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिलेले आहे.

कास पठारावर बेसुमार माणसे गेली तेव्हा फुले कशी तुडवली गेली, हे आपल्या भागाने पाहिले आहे, आणि तेथे दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. गावखडीला तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. जीप रस्त्याच्या कडेला लावावी, मुक्काम गावातल्या घरी करावा आणि पोहोचल्याबरोबर गावातल्या कासवमित्रांची चौकशी करावी. जपून ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले निघणार असतील, तर ती समुद्रात सोडण्याची वेळ सकाळी किंवा संध्याकाळी असते. त्या वेळी दोरीच्या अलीकडे, विजेरी बंद ठेवून उभे राहिलात, तर ती लहानगी पिल्ले लाटेपर्यंत जाताना आपल्याला पाहता येतील.