उत्तर: यूएसडीटी गेले, हॅश (व्यवहाराचा नंबर) हातात आहे, पण पुढे हजारो व्यवहार दिसतात

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या मेहुण्याचीच केस डोळ्यासमोर आली. तेच टेलिग्रामवरचे टास्क, आधी थोडे पैसे परत, मग यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) घ्यायला लावले आणि अकाउंट लॉक. सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन, पोर्टलवर तक्रार हे केलंच असेल, धरून चालतो.

तुम्ही लिहिलंय की ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉन नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणारी साइट) चार वॉलेटपर्यंत पैसे दिसतात, पाचव्यात हजारो व्यवहार आहेत आणि तिथून डोकं चालत नाही. अहो तिथून चालवायचंच नाही! तो पाचवा बहुतेक एक्स्चेंजचा (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीचा) हॉट वॉलेट असणार, म्हणजे सगळ्या ग्राहकांचे पैसे एकत्र होतात तो. लासलगावात लिलाव झालेला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतला की त्यातून आपला वेगळा निघतो का, तसंच. तिथून पुढे जे जाताना दिसतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी विड्रॉल असतं, आणि लोक त्याच्याच मागे रात्र रात्र बसतात. तुमच्या कामाचा चौथ्या वॉलेटचा पत्ता. त्यात आलेलं सगळं दरवेळी त्याच एका टॅग असलेल्या (साइटवर एक्स्चेंजचं नाव दिसतं अशा) मोठ्या वॉलेटला जात असेल, आणि फीचं टीआरएक्सपण (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) तिकडूनच येत असेल, तर तो एका ग्राहकाला पैसे जमा करायला दिलेला डिपॉझिट पत्ता समजा. म्हणजे मागे केवायसी आहे, भाड्याच्या माणसाची का असेना. ती तुम्हाआम्हाला मिळत नाही, पोलिसांनी बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ९४ खाली मागायची असते.

आमचं घोडं नेमकं इथे अडलं. नाशकातलंच पोलिसांचं एक ऑफिस, नाव घेत नाही. पत्ता टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन गेलो तर म्हणे पेनड्राइव्ह चालत नाही, प्रिंट द्या. दिली. मग कुणीतरी प्रिंट बघून पत्ता एक्स्चेंजला पाठवायच्या पत्रात टाईप केला, तोही सगळा कॅपिटलमध्ये!! ट्रॉनचा पत्ता ३४ अक्षरांचा, कॅपिटलचं स्मॉल झालं की तो पत्ताच राहत नाही. शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल तर त्यात येतच नाहीत, आणि यांच्या पत्रात ओ चांगले दोन. एक्स्चेंजने कळवलं रेकॉर्ड नाही, आणि साहेब आम्हालाच सांगतात तुमची माहिती खोटी आहे. पत्राची कॉपी बघायला मिळेपर्यंत एवढ्या चकरा झाल्या की सीबीएस बसस्टँडचे रिक्षावाले ओळखायला लागले, आणि तोवर समोरच्याने खातं रिकामं केलेलं. अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

म्हणून माझं मत, पत्त्यासोबत हॅश द्याच. हॅश ६४ अक्षरी, त्यात फक्त आकडे आणि ए ते एफ, कॅपिटल झाला तरी बिघडत नाही, एक्स्चेंजवाले त्यावरून पत्ता स्वतः काढतात. अर्जावर पत्त्याचा क्यूआर छापा. वेळ लिहिताना आयएसटी (भारतीय वेळ) की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते टाका, साडेपाच तासांच्या फरकाने तारीखच बदलू शकते. आणि पत्ता जुळवताना पहिली चार-शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, तशीच दिसणारी वॉलेट मुद्दाम बनवून हिस्ट्रीत घुसवतात.

पैसे अजून एक्स्चेंजबाहेरच्या साध्या वॉलेटमध्येच पडून असतील तर पोलिसांमार्फत यूएसडीटी काढणाऱ्या टेदर कंपनीला तो पत्ता गोठवायची विनंती जाऊ शकते. बिटकॉइनला ही सोय नाही. मी वकील नाही, पोलीस नाही, अनुभवावरून सांगतोय, गोठवले म्हणजे परत मिळाले असंही नाही.

आणि हो, ही पोस्ट बघून इनबॉक्समध्ये 'हॅकर' येतील, फी भरा पैसे काढून देतो म्हणणारे. सरळ ब्लॉक करा. चौथा पत्ता इथे कॉपी-पेस्ट करा (स्क्रीनशॉट नको), संध्याकाळी बघून सांगतो डिपॉझिटचा वाटतो का.