रेसलिंगच्या फिगर (पैलवानांची खेळणी) फोटोत हवेत झेपावताना दाखवायच्या आहेत, एडिटिंग नवीन आहे. सुरुवात कशी करू?

एकाच जागेवरून दोन फोटो काढा, एक तारेवर टेकवलेल्या फिगरचा आणि एक रिकाम्या रिंगचा, आणि ते गिंप किंवा फोटोपी या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवा. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. फिगरचा फोटो वर ठेवून त्याला लेयर मास्क (फोटोचा नको तो भाग न खोडता लपवणारा थर) लावायचा आणि त्या मास्कवर तारेवर काळा ब्रश फिरवायचा. खालची रिकामी रिंग दिसू लागते, तार गायब. मॅटेलच्या सहा इंची एलिट फिगरचे फोटो मी असेच करतो. खरं काम फोटो काढतानाच होतं: मोबाइल हातात न धरता पुस्तकांना टेकवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर दोन्हींचा उजेड जुळत नाही आणि ब्रश फिरवलेल्या जागी डाग दिसतो. मॅटवर पडलेली तारेची सावलीही पुसा. फिगरची सावली मात्र अजिबात पुसू नका, ती गेली की पैलवान कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फक्त तार फिगरच्या पुढून जात असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण रिकाम्या फोटोत तिच्यामागचं अंगच नसतं. म्हणून तार नेहमी पाठीमागून लावा. बारीक दोराच पुसायचा असेल, तर मोबाइलवरच्या स्नॅपसीड ॲपमधलं हीलिंग (डाग पुसायचं टूल) पुरतं.