कॅलिफोर्नियात ‘एसबी वन’चा टॅक्स खरंच रस्त्यांवर खर्च होतो का? इलेक्ट्रिक गाडी घेतली तर वाचतो का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पुण्याहून बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) येताय आणि सगळे सांगतायत एसबी वनमुळे, म्हणजे रस्तेदुरुस्तीसाठी टॅक्स वाढवणाऱ्या ‘सिनेट बिल 1’ या कायद्यामुळे, गॅस (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) महाग झालाय, तर तो पैसा जातो कुठे आणि इलेक्ट्रिक घेतली तर सुटका होईल का. सुटकेचं आधी सांगते, नाही होणार.

हा कायदा 2017 चा, जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना झाला. त्याआधी गॅलनमागे 18 सेंटचा मूळ टॅक्स 1994 पासून तसाच होता, महागाई वाढतेय, गाड्या कमी पेट्रोल पितायत आणि पूल म्हातारे होतायत, मग पैसा पुरणार कसा. म्हणून गॅसवर 12 सेंट वाढवले, डिझेलवर 20, आणि 2020 पासून दर जुलैला महागाईप्रमाणे आपोआप वाढतो. मूळचे 12 सेंट धरले तर 15 गॅलनच्या टाकीला 1 डॉलर 80 सेंट. म्हणजे इथला गॅस महाग असण्याचं सगळं खापर एसबी वनवर फोडू नका, बाकीचे टॅक्स आहेत, इथलं पेट्रोलही वेगळ्या मिश्रणाचं लागतं.

लोक चिडले होते हे खरंय. कायद्याला मत दिलं म्हणून जॉश न्यूमन नावाच्या राज्याच्या सिनेटरला 2018 च्या जूनमध्ये मतदारांनी घरी बसवलं, आणि गंमत बघा, त्याच दिवशी ‘प्रॉप 69’ (मतदारांनी थेट मत द्यायचा प्रस्ताव) प्रचंड मतांनी पास झालं, म्हणजे हा पैसा वाहतुकीशिवाय दुसरीकडे वळवायचा नाही असं थेट कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत घातलं. नोव्हेंबरमध्ये टॅक्सच रद्द करायचा प्रस्ताव आला तो पडला. त्यामुळे पैसा दुसऱ्याच खात्यात गेला हा संशय मला तरी फारसा पटत नाही, मात्र थोडा भाग बस आणि रेल्वेलाही जातो. साधारण अर्धा राज्याच्या हायवे-पुलांना, अर्धा सिटी आणि काउंटीला.

सिटीला दरवर्षी कामांची यादी कौन्सिलमध्ये पास करून राज्याला द्यावी लागते, ती कोणालाही बघता येते. आमच्या गल्लीचं नाव मी त्यातच पाहिलं होतं. नंतर एक दिवस दाराला चिठ्ठी लटकवून गेले, सकाळी 7 च्या आत गाडी हलवा नाहीतर टो, आणि रस्त्यावर स्लरी सील टाकलं, म्हणजे डांबर आणि बारीक खडीचा पातळ काळा थर. आई तेव्हा इथे होती, कोथरूडला जन्मभर खड्डे चुकवत स्कूटर चालवलेली बाई, म्हणाली, “अगं, रस्ता चांगला धडधाकट आहे की, ह्याला कशाला काळं फासतायत?” तिला सांगता सांगता नाकी नऊ आले की धडधाकट आहे तोवरच हे करायचं असतं, भेगांतून पाणी खाली उतरलं की मग अख्खा रस्ता उखडून नवीन करावा लागतो आणि तो खर्च कितीतरी पट. आठवडाभर घरात ती काळी कच येत होती बुटांना चिकटून, ते वेगळंच.

आता इलेक्ट्रिक. गॅस भरत नाही म्हणून वर्षाला वेगळी फी, 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा 100 डॉलर होती, तीही महागाईप्रमाणे वाढते. शिवाय गाडीच्या किमतीप्रमाणे एक फी सगळ्यांनाच असते, सुरुवातीला ती 25 ते 175 डॉलर होती आणि तीही महागाईप्रमाणे वाढत गेलीय, ती रजिस्ट्रेशनच्या बिलात ‘ट्रान्सपोर्टेशन इम्प्रूव्हमेंट फी’ म्हणून दिसेल, हीसुद्धा एसबी वनचीच. सेकंडहँड बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, ती 100 वाली फी 2020 आणि पुढच्या मॉडेलनाच आहे, 2019 ची मिळाली तर लागत नाही.