शेजारी झोपणाऱ्याची साक्ष

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती: झोपेत श्वास अडण्याचा आजार, ज्याला आता सगळेच स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि त्याविषयी नामवंत माणसांनी जाहीरपणे बोलणे. म्हणून या वेळचे सदर त्या चार पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न: सादर प्रणाम. यंदा चवथीला आमच्या मूळ घरी सगळे कुटुंब जमले होते आणि रात्री पुरुषमंडळी वसरीत एकत्र झोपली होती. माझ्या पुतण्याने माझ्या यजमानांचे घोरणे मोबाइलवर टिपले. सकाळी ते ऐकून सगळे हसले, पण मला हसू आले नाही. त्यात घोरणे मध्येच पूर्ण थांबते, मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले, आणि मग एखाद्याला पाण्यातून वर काढावे तसा ते श्वास घेतात. बप्पी लाहिरी याच आजाराने गेले असे मी वाचले होते. ते सांगितले तेव्हा ‘ते सिनेमातल्या माणसांचे आजार’ एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला. ते ५४ वर्षांचे आहेत, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतात आणि रोज फोंड्याहून पणजीला स्वतः गाडी चालवत जातात. माझी भीती अवाजवी आहे का?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर: ताई, आपली भीती अवाजवी नाही, आणि आपण मनात केलेली ती मोजणी हा या आजाराच्या निदानातला पहिला पुरावा आहे. ज्याला हा आजार असतो तो त्या वेळी झोपलेला असतो. रात्री आपले काय होते हे त्याला कधीच ठाऊक नसते. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना जी थरथर होते ते घोरणे, आणि वाट पुरती मिटली की शांतता होते. घरच्यांना वाटते, बरे झाले, घोरणे थांबले. प्रत्यक्षात त्या शांततेत छाती आणि पोट श्वासासाठी झगडत असतात, रक्तातला प्राणवायू उतरत असतो, आणि अखेर मेंदू क्षणभर झोप मोडून घसा उघडतो, तेव्हा आपण वर्णन केलेला तो श्वास ऐकू येतो. श्वास किंवा त्याचा प्रवाह दहा सेकंद किंवा अधिक काळ असा अडला की तो एक अडथळा धरला जातो. तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. तीव्र आजाराच्या माणसाचा श्वास सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा अडतो. दर खेपेला रक्तदाब उसळतो, म्हणूनच गोळ्या वाढवूनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर आम्ही डॉक्टरांनी रुग्णाच्या झोपेची चौकशी करायलाच हवी. ती आम्ही पुष्कळदा करत नाही, हे खेदाने सांगतो.

आता बप्पी लाहिरींविषयी. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्लीप ॲप्निया व छातीचा वारंवार होणारा संसर्ग ही कारणे सांगितली. त्या आठवड्यात हा शब्द देशातल्या घराघरांत पोहोचला. माझ्याकडेही त्याआधी कधी नव्हे इतक्या लोकांनी घोरण्याविषयी विचारणा केली. परंतु त्यांना इतरही व्याधी होत्या, आणि त्यांच्या मृत्यूवरून आपल्या यजमानांचे भविष्य काढता येत नाही. शिवाय मृत्यूच्या बातमीने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस कान मिटतो, हा माझा अनुभव आहे. आपले यजमान तेच करत आहेत.

त्यांना दुसरे उदाहरण सांगून पाहा. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू शकील ओनील हा सात फुटांहून उंच, धिप्पाड खेळाडू. त्याचा श्वास रात्री थांबतो हे त्याच्या जोडीदारणीच्या लक्षात आले. पुढे त्याची तपासणी झाली, आजार निघाला, आणि २०११ साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाने तयार केलेल्या एका चित्रफितीत तो स्वतः तपासणी करून घेताना आणि सीपॅप यंत्राचा, म्हणजे हलक्या दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावून झोपताना दिसला. त्या चित्रफितीत भीती नाही. एवढा बलदंड माणूस ते यंत्र लावून निजतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही, एवढेच ती दाखवते, आणि आमच्या भागातल्या पुरुषांना नेमके तेच पाहण्याची गरज असते. माझे वडील आयुष्यभर असेच घोरत आणि बसमध्ये बसल्या बसल्या झोपी जात. आम्ही भावंडे त्यांची नक्कल करून हसत असू. त्या घोरण्यातल्या शांततेकडे कुणी लक्ष दिले नाही, आणि ती रुखरुख मला अजून आहे.

यजमानांना प्रथम छातीविकारतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा, आणि जाताना ती ध्वनिफीत बरोबर ठेवा. आपणही खोलीत थांबा, कारण त्यांना विचारलेल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच ठाऊक आहेत. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, सकाळी तोंड कोरडे पडते का, डोके जड असते का, हे आधी पाहून ठेवा. पुष्कळ रुग्णांची तपासणी आता घरच्या घरी एका रात्रीत होते: बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी आणि छातीवर पट्टा. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा मेंदूचा दुसरा आजार असेल तर मात्र रुग्णालयात झोपून पूर्ण तपासणी करावी लागते.

दिवसा येणाऱ्या झोपेविषयी एक गोष्ट इथे सांगतो. आपल्या गोव्यात जेवण झाले की घटकाभर आडवे होण्याची रीत आहे, दुपारी दुकानेही बंद असतात, त्यामुळे दिवसा येणारी झोप आजाराची आहे हे लवकर कळत नाही. दुपारी घरी पडल्यावर झोप लागणे वेगळे आणि सिग्नलला गाडी थांबताच डोळे मिटणे वेगळे. या आजाराच्या चालकांमध्ये अपघाताचे प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त आढळले आहे. गाडी चालवताना त्यांना एकदा जरी डुलकी लागली असेल, तर उपचार सुरू होईपर्यंत पणजीला त्यांनी बसने जावे. याविषयी मी आग्रहाने सांगतो आहे.

प्रश्न: एखादा नट किंवा खेळाडू आजाराविषयी बोलू लागला की त्यामागे यंत्रे विकणाऱ्या कंपन्या असाव्यात अशी शंका येते. अशा बोलण्याने सामान्य माणसाचे खरेच काही भले होते का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: शंका रास्त आहे, आणि कोणी कोणाच्या पैशाने बोलत आहे हे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. मी स्वतः एक साधी कसोटी लावतो: बोलणारा तपासणीकडे पाठवतो की विशिष्ट यंत्राकडे? पहिला ऐकावा, दुसऱ्याला जाहिरातच समजावे.

काही वेळा नामवंतांना बोलावे लागते ते निव्वळ परिस्थितीमुळे. जून २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांच्या गालांवर पट्ट्यांचे वळ पत्रकारांना दिसले आणि राष्ट्राध्यक्ष रात्री सीपॅप यंत्र वापरतात हे व्हाइट हाउसला सांगावे लागले. मला ते वळ कुठल्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी वाटतात, कारण माझ्या रुग्णांच्या गालांवरही तसेच वळ असतात आणि ते लपवण्यासाठी काही जण सकाळच्या लग्नसमारंभाच्या आदल्या रात्री यंत्र लावत नाहीत. याउलट अभिनेत्री कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये वारली आणि पुढच्या जून महिन्यात मृत्यूच्या कारणांत स्लीप ॲप्नियाचा उल्लेख आला, तेव्हा त्याच अहवालात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आणि अमली पदार्थ यांचाही उल्लेख होता. बातमीच्या मथळ्यात एकच कारण उरते आणि वाचकाचा समज तिथेच चुकतो.

हा उपचार मुळात जाहिरातीतून आलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णापुढे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करण्याचा मार्ग उरला होता. त्याऐवजी सलिव्हन यांनी त्याच्या नाकातून हलक्या दाबाने सतत हवा सोडली आणि घसा उघडा राहिला. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. सीपॅप यंत्र आजही हेच करते. त्यात औषध नसते आणि प्राणवायूचे नळकांडेही नसते, फक्त खोलीतली हवा दाबाने घशात जाते.

नामवंत जे सहसा सांगत नाहीत तेही मी सांगायला हवे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आधीपासून हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सुमारे २,७०० रुग्णांमध्ये सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. झोपाळूपणा, मनाची अवस्था आणि दिवसाचे जगणे मात्र सुधारले. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, आणि माझ्या मते हा आकडा त्या निष्कर्षाशेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. तरीही ‘मास्क लावला की हृदय वाचले’ असे वचन कोणी देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: मी ५७ वर्षांची आहे. मी मोठ्याने घोरत नाही असे घरचे सांगतात. परंतु झोप सारखी मोडते, सकाळी उठल्यावर थकवा असतो, आणि चिडचिड होते म्हणून मला झोपेची गोळी दिली आहे. ज्या प्रसिद्ध लोकांची नावे ऐकली ते बहुतेक पुरुषच आहेत. हा आजार बायकांना होतो का?
— एक वाचिका, साखळी

उत्तर: होतो, आणि पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. स्त्रियांच्या तक्रारी पुष्कळदा आपण लिहिल्या तशाच असतात: निद्रानाश, थकवा, डोकेदुखी, उदासी. त्यामुळे त्यांना मनाचे औषध मिळते आणि घशाची तपासणी होत नाही. आपण थायरॉईडची आणि रक्तक्षयाची तपासणी करून घ्या आणि त्याबरोबर झोपेच्या तपासणीविषयी आवर्जून विचारा. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून या शंकेची माहिती गोळी देणाऱ्या डॉक्टरांना द्या. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका. आणि देह सडपातळ असला तरी हा आजार नसेल असे समजू नये: लहान किंवा मागे गेलेल्या जबड्यामुळे तो कमी वजनाच्या माणसालाही होतो, आणि आशियाई लोकांत हे विशेष दिसते.

प्रश्न: मला तीव्र स्लीप ॲप्निया आहे. परदेशात राहणारा माझा मेहुणा त्याचे जुने सीपॅप यंत्र मला देतो म्हणतो. ते घ्यावे का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते आणि दमटपणामुळे सगळ्यालाच बुरशी धरते. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनाने यंत्रच टळेल असेही कोणी सांगितले.
— एक वाचक, केपें

उत्तर: मेहुण्यांचे आभार माना, पण यंत्र घेण्याआधी त्यावरील कंपनीचे नाव, प्रकार आणि क्रमांक तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी यंत्रे परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला स्पंजसारखा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याचा धोका होता. परत मागवलेल्यांपैकी एखादे यंत्र कुटुंबातल्या कुटुंबात फिरत आपल्यापर्यंत येऊ नये. यंत्र निर्धोक असले तरी हवेचा दाब आपल्या तपासणीनुसार नव्याने ठरवावा लागतो, आणि मास्क, नळी व गाळणी नवीनच घ्यावी.

पावसाळ्यात मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवावी, नळी आठवड्यातून एकदा धुऊन पंख्याखाली उलटी टांगून पूर्ण सुकवावी, यंत्राच्या हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालून सकाळी ती रिकामी करावी. आपल्याकडची हवा आधीच दमट असल्याने पावसाळ्यात आर्द्रता कमीत कमी ठेवली तरी पुष्कळांचे भागते. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर ती आणखी कमी करावी. विजेसाठी घरचा इन्व्हर्टर बहुधा पुरतो, कारण यंत्राला फार वीज लागत नाही. आर्द्रतेची टाकी तापवायलाच ती अधिक खर्च होते, म्हणून वीज गेल्यावर ती बंद ठेवावी. वीज मध्यरात्री गेली आणि यंत्र थांबले तर मास्कमधल्या छिद्रांतून श्वास घेता येतो, गुदमरण्याची भीती नाही. अशा रात्री कुशीवर झोपावे आणि संध्याकाळी फेणीच नव्हे तर कुठलेही मद्य घेऊ नये.

इंजेक्शनाविषयी ऐकले ते पूर्ण खोटे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपाटाइड हे औषध स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्य केले. वजन उतरले की घशाभोवतीची चरबी उतरते आणि अडथळे कमी होतात. परंतु याला महिने लागतात, आणि सगळ्यांचा आजार पूर्ण जात नाही. आपला आजार तीव्र आहे, तेव्हा यंत्र आजपासून आणि वजनाचा प्रयत्न त्याच्या जोडीला, असाच क्रम ठेवा. वजन बरेच उतरल्यावर झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या आणि तिचा आकडा पाहूनच यंत्राचे काय करायचे ते आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.