भागधारक, हितधारक की वाटेकरी?

निपाणीहून एकांनी विचारलं आहे: खासगी साखर कारखान्याचं ऊस उत्पादकांसाठीचं पत्रक मराठीत करतो आहे. 'स्टेकहोल्डर'ला 'भागधारक' लिहिलं तर चालेल का, की हिंदीतला 'हितधारक' घ्यावा?

'भागधारक' अजिबात नको. तो शेअरहोल्डरचा शब्द आहे, आणि कंपनी कुणासाठी चालवायची हा सगळा वाद या दोघांमधल्या फरकावरच उभा आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली लिहिलं की नियम पाळून, म्हणजे भागधारकांसाठी, नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. १९८४ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी कामगार, ग्राहक, माल पुरवणारे आणि आसपासचा समाज या सगळ्यांना 'स्टेकहोल्डर' म्हणून हिशेबात धरलं. दोन्हीकडे 'भागधारक' लिहिलात तर मराठी वाचकाला भांडण कशाचं तेच कळायचं नाही.

'हितधारक'मध्ये मला खटकतो तो 'धारक'. परवानाधारक, शिधापत्रिकाधारक, खातेधारक: आपल्याकडे धारक म्हटला की त्याच्या हातात कागद असतो. ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाईकडे कसला कागद? घटप्रभेच्या काठावर, कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याकडे कसला? कायद्यातही हाच घोटाळा दिसतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १६६ संचालकांना कंपनी, कामगार, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांचं हित पाहायला सांगतं. पण त्याच कायद्याच्या कलम १७८ मध्ये जी 'स्टेकहोल्डर्स' समिती आहे, तिच्याकडे तक्रारी जातात त्या फक्त शेअर, डिबेंचर यांसारखे रोखे बाळगणाऱ्यांच्या. म्हणजे शब्द मोठा, आणि आत पुन्हा कागदवालेच.

'हितसंबंधी' व्याकरणाने निर्दोष आहे, पण 'हितसंबंध गुंतलेत' असं आपण कुणाबद्दल बोलतो ते आठवा.

माझं मत 'वाटेकरी'ला. या शब्दात नफा आणि नुकसान दोन्ही मावतात. सुखदुःखाचे वाटेकरी म्हणतो, पापाचे वाटेकरीही म्हणतो. वाल्या कोळ्याने घरच्यांना विचारलं ते हेच, आणि आणलेलं खाणाऱ्यांनी पापातला वाटा नाकारला. कंपनीच्या नावापुढचा 'मर्यादित' हा शब्द त्या उत्तराजवळच जातो: कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या शेअरच्या रकमेपुरतं. (आपल्या भागातल्या कन्नड पाट्यांवर तिथे 'नियमित' असतं, मराठी वाचणारा पोर हमखास 'रोजचा' असा अर्थ लावतो.) मळीचं पाणी ज्याच्या विहिरीत उतरलं त्याच्या वाट्याला आलेल्या नुकसानाला मात्र अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. त्याला वाटेकरी न म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आक्षेप येईल की वाटेकरी म्हटलं की भाऊबंदकी आली, सातबारा आणि कोर्ट आलं. येऊ दे. वाटेकऱ्याला विचारल्याशिवाय अख्ख्या सामाईक जमिनीचा व्यवहार होत नाही, आणि ही विचारणाच तर त्या इंग्रजी शब्दाला हवी आहे. शिवाय तुमच्या पत्रकाची कन्नड बाजू पाहा. तिथे बहुधा 'पालुदाररु' असेल. पालु म्हणजे वाटा. एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना एकच कल्पना राहील.

फक्त शब्द पहिल्यांदा येईल तिथे कोण कोण ते लिहा: ऊस घालणारे शेतकरी, तोडणी-वाहतुकीचे मजूर, कारखान्यातले कामगार, नदीकाठची गावं, आणि भागधारक. भागधारकही वाटेकरीच आहेत, पण यादीतले एक. पत्रक उद्या सहकारी कारखान्यासाठी करावं लागलं तर भागधारकाच्या जागी 'सभासद' घाला. आपल्याकडे तोच शब्द रुळलेला आहे. बिगरसभासदाचा ऊसही त्याच गव्हाणीत पडतो, तेव्हा त्याला यादीतून गाळू नका.